कोचईची पानं

पुणे
रविवार, १० ऑगस्ट २००८

आई,

मी रुपाली. हे पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरी आलेलं टपाल आधी बाबा फोडतात आणि फोनही त्यांच्याच खिशात असतो. तू तिथे मुलांची खिचडी शिजवतेस ना अजून? वाचून झालं की त्याच चुलीत टाक.

आम्ही दोघी जिवंत आहोत. अपेक्षा आठ वर्षांची झाली, तिसरीत आहे. मला नोकरी आहे. याहून जास्त विचारू नकोस. पाकिटावरच्या शिक्क्यावरून पुणे कळेलच, म्हणून वर लिहिलं. पुणे मोठं आहे.

तीन वर्षांनी पत्र लिहायचं कारण साधं आहे. कोचईच्या पानांच्या वड्या तू कशा करायचीस ते मला हवं आहे. बाकी काही नको.

माझी शनिवारी रात्रपाळी असते. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद आम्ही हडपसरला बसून संगणकात भरतो. (बघ, विचारू नकोस म्हणाले आणि स्वतःच सांगत सुटले.) रविवारी सकाळी सुटल्यावर बसस्टॉपकडे जाताना एक मैदान लागतं. तिथे आसपासचे शेतकरी आपला माल घेऊन स्वतःच विकायला बसतात. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली आमच्या कंपनीतली पोरं गाडी लावून मेथीच्या जुड्या उलटसुलट करत असतात. मी कधी थांबत नाही. आज थांबले. एका बाईपुढे ओल्या पोत्यावर पानं पालथी रचून ठेवली होती, तळहाताएवढी, देठ जांभळे. इथे अळू मिळतं, पण ते सुपाएवढं आणि पोपटी. ही आपली पानं होती. मला कळायच्या आत मी विचारूनही बसले, "कोचई कशी दिली?"

घरी येऊन केल्या. उडदाची डाळ भिजवून वाटली, लसूण-मिरची-ओवा घातला, पानांना थापून गुंडाळ्या केल्या, वाफवून तुकडे केले आणि ताकाच्या रश्शात सोडले. तुझ्यासारखी गंजात भाताचं तणस पसरून वाफवायची सोय नव्हती, चाळणीवर वाफवल्या. चवीला बऱ्या होत्या. पण तुझा रस्सा लालसर असायचा, माझा पांढरट झाला. आणि दोन घासांत अपेक्षाचा घसा खाजायला लागला. ओठ सुजले, डोळ्यांतून पाणी. दवाखान्यात न्यावं लागलं. आता बरी आहे. मला म्हणाली, "तुझ्या आईला येत होतं, मग तुला का नाही येत?"

काय घालायचीस तू? चिंच नव्हती, एवढं आठवतं. ते कोणामार्फत तरी... नाही, राहू दे. मी पत्ता देणार नाही. मग तू सांगणार कशी, हे माझ्या लक्षात आलंय. तरी लिहिलं.

पानं विकणारी बाई गाव विचारत होती. मी अमरावती सांगितलं.

रुपाली

पुणे
रविवार, १७ ऑगस्ट २००८

आई,

आज पुन्हा तिथे गेले. जायला नको होतं.

पानं घेतली, पैसे दिले, तेवढ्यात ती बाई म्हणाली, "अमरावतीच्या नाही तुमी. आमच्या साकोलीकडच्या आहा. बोलन्यावरून समजते." मी म्हटलं, माझी आई तिकडची. तिने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि हळूच म्हणाली, "तू दुर्गाबाईची रुपा नव्हे का? हनुवटी तिचीच हाय."

तिचं नाव मुक्ताबाई. माहेर आपल्या मागच्याच गल्लीतलं. लग्न होऊन गेली तेव्हा मी लहान होते, म्हणून मी तिला ओळखलं नाही. नवरा हडपसरला कारखान्यात होता. आता दोघं मांजरीला वाट्याने शेत करतात आणि गावाकडून आणलेलं बियाणं लावतात. हे सगळं ती एका दमात सांगत होती. पुढे म्हणाली, "तुही माय तर सांगते, पोरगी नागपूरला नर्सिंग शिकते."

मी पानं तिथेच टाकली आणि पळाले. खरोखर पळाले, आई. चौकातून रिक्षा केली, मध्येच सोडली, दुसरी केली. मागे कोणी नव्हतं.

नर्सिंग! तिशीच्या बाईला, पोर कडेवर असताना? त्यापेक्षा मेली म्हणून सांगायचं होतंस.

मी कुठे गेले, कशी गेले, हे तुला माहीत नाही, तर ऐक. त्या सकाळी तू मला साकोलीच्या स्टँडवर नेऊन बसमध्ये बसवलंस. माझ्या डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून दिलास आणि म्हणालीस, "जा घरी, दोन दिवसांत शांत होतील ते." डावा कान ठणकत होता, त्यामुळे तुझं निम्मंच ऐकू आलं. त्या कानाने आजही कमीच येतं. पुढच्या थांब्यावर मी अपेक्षाला घेऊन उतरले आणि नागपूरची गाडी धरली. तिथून पुढे रेल्वे. पुण्यात माझं कोणी नव्हतं, म्हणून पुणे.

मोरेश्वरच्या घरून मी तुझ्याकडे आले ती पहिली खेप नव्हती. दरवेळी तूच मला पोचवलंस. नवऱ्याला नावाने लिहिलं, तुला वाईट वाटेल. वाटू दे.

आता ही मुक्ताबाई गावी गेली की बोलणार. म्हणजे लपून उपयोग नाही. तेव्हा विचारते. खरं सांग, मोरेश्वर तिकडे येतो का? अपेक्षाला न्यायचं बोलतो का? बाबा त्याला काय सांगतात?

मी जिच्या घरी राहते तिचा पत्ता खाली देते आहे. मंदाकिनीबाई निवृत्त शिक्षिका आहेत, सदाशिव पेठेत एकट्या राहतात. मागची खोली मला दिली आहे, आणि मी कामाला गेले की अपेक्षा त्यांच्यापाशी असते. मी पत्ता द्यावा की नाही म्हणून सकाळपासून येरझाऱ्या घालत होते, तर म्हणाल्या, "उत्तर हवं असेल तर पत्ता लागतो. नको असेल तर पोस्टाचं तिकीट तरी कशाला वाया घालवतेस?"

हा पत्ता फक्त तुझ्यासाठी आहे. बाबांच्या हाती लागला तर मी तुला कधीच माफ करणार नाही.

रुपाली

पुणे
मंगळवार, २ सप्टेंबर २००८

आई,

तुझं पार्सल काल मिळालं.

पिशवी शिवलेली होती. आत वाळवलेली अंबाडीची बोंडं. चिठ्ठी नाही, एक शब्दही नाही. वास आला आणि मी स्वयंपाकघरातच खाली बसले. अंबाडी! तो रस्सा मिरचीने लाल व्हायचा असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तू वाटीत बोंडं भिजत घालायचीस आणि ते पाणी गाळून रश्शात ओतायचीस, हे सगळं एकदम दिसलं. चिंचेऐवजी तू ही घालायचीस, म्हणून घसा खाजायचा नाही. मंदाकिनीबाई चिंच घाल म्हणत होत्या. मी ऐकलं नाही, कारण चिंच घातली की ती त्यांची अळूवडी होते.

मग मी पिशवी उलटी करून पत्ता बघितला.

आई, ते अक्षर बाबांचं आहे. त्यांचा तो पोटफुगा 'स' मी कुठेही ओळखेन.

एकच मागितलं होतं तुझ्याकडे.

बाबा वीस वर्षं गावचे पोलीस पाटील होते. भांडून माहेरी आलेल्या किती जणींना त्यांनी ओसरीवर बसवून समजावलं आणि नांदायला परत धाडलं, ते मी लहानपणापासून बघितलंय. मोरेश्वरला त्यांनी शब्द दिला होता, "जावईबापू, मुलगी तुमच्याकडेच येईल." बाबा दिलेला शब्द मोडत नाहीत, हे सगळा तालुका सांगतो. आणि त्यांनाच तू माझा पत्ता दिलास.

परवा रविवारी बाजारात मुक्ताबाईची जागा रिकामी होती. शेजारचा कांदेवाला म्हणाला, पोळ्याला गावी गेल्या. म्हणजे तिकडून ती आणि इकडून तू.

अपेक्षाला मी आज शाळेत पाठवलेलं नाही. मंदाकिनीबाई स्वतः शाळेत जाऊन सांगून आल्या की मुलगी त्यांच्याशिवाय किंवा माझ्याशिवाय कोणाच्याही ताब्यात द्यायची नाही, बाप म्हणून कोणी आला तरी नाही. जिन्यात पावलं वाजली की अपेक्षा माझ्याकडे बघते. मी तिला काही सांगितलेलं नाही, तरी बघते. पाच वर्षांची होती तेव्हा, पण ती आवाज ओळखायला शिकली होती.

काल मी कपडे पिशवीत भरले. नाशिकला आमच्या कंपनीतली एक मुलगी राहते, तिच्याकडे जावं म्हणून. मंदाकिनीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "नाशिकला पोस्ट नाही का?"

मी म्हटलं, "तुम्हाला चेष्टा सुचते. तो आला तर काय करतो ते तुम्हाला माहीत नाही."

"नाही माहीत," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांत तू सांगितलंस कुठे? दार नीट लाव म्हणतेस, मी लावते. का लावायचं ते आज सांग."

मी सांगितलं, आई. सगळं. जे तुला सांगायची गरज कधी पडली नाही, कारण तू बघितलं होतंस.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, त्यांची एक विद्यार्थिनी वकील आहे, घटस्फोटाच्या आणि मुलांच्या ताब्याच्या केसेस बघते. इथे राहणाऱ्या बाईला इथल्याच कोर्टात जाता येतं. मी म्हटलं विचार करते.

उद्या गणपती. खाली मांडवात आत्तापासून ताशा सुरू आहे, आणि त्या आवाजात दारावरची थाप ऐकू येणार नाही म्हणून मी दाराला पाठ लावून हे लिहिते आहे. अंबाडी कपाटावर ठेवून दिली आहे. मी तिला हात लावणार नाही.

रुपाली

पुणे
रविवार, ७ सप्टेंबर २००८

आई,

आम्ही गेलो नाही. इथेच आहोत.

आज रात्रपाळी संपवून सरळ मैदानावर गेले. मुक्ताबाई बसली होती. मला बघून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि रडायलाच लागली. गावी तिने बहिणीला सांगितलं होतं की रुपा पुण्यात, हडपसरच्या भाजीच्या मैदानात भेटली, ठीक आहे, काळजी नको. बहिणीने आणखी कोणाला. पोळ्याच्या दिवशी मोरेश्वर आपल्या दारात उभा.

"मी पायले ना माह्या डोळ्यानं," मुक्ताबाई म्हणाली. "गल्लीत बैल सजवून उभे, सारा गाव जमला होता."

तिने सांगितलं ते असं. मोरेश्वर ओरडला, "पत्ता द्या, पुण्यात कुठे आहे ती?" बाबा ओसरीवर बैलांच्या शिंगांसाठी बेगड कापत बसले होते. म्हणाले, "पत्ता माझ्याकडे नाही." तो म्हणाला, "तुम्ही पाटील होतात, खोटं बोलू नका." बाबा पुन्हा म्हणाले, "नाही." मग तो पायरी चढायला लागला, तेव्हा बाबा उठले आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "निघ."

मी तिला विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "निघ म्हनाले. निघा नाही. निघ."

आपल्या हाताने पार्सलवर लिहिलेला पत्ता, आणि बाबा गावासमोर नाही म्हणाले. मोरेश्वरला ते आजवर अहोजावो करत आले. आणि तू, मुक्ताबाई म्हणाली, दारात उभी होतीस, आणि त्याआधी बाबांनी पार्सलवर नाव-पत्ता लिहावा म्हणून दोन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हतीस. तुला पत्ता नीट उतरवता येईना, चुकला तर दुसऱ्याच्या दारात जाईल अशी भीती. ती तुला नळावर भेटली तेव्हा तूच म्हणे हे सांगितलंस.

मला बरं वाटेल असं तुला वाटत असेल. मला राग आला. हा शब्द त्यांना तीन वर्षांपूर्वी सुचला असता तर? त्याआधी सुचला असता तर?

जाताना मोरेश्वर ओरडून गेला आहे की पुण्याला जाऊन शोधेन आणि पोरगी घेऊन येईन. तो येईल. मी त्याला ओळखते.

मी उद्या वकीलबाईंकडे जाते आहे. त्यांनी फोनवर विचारलं, मारहाण कोणी बघितली? मी म्हटलं, दार बंद असायचं. मग काही खुणा बघितलेलं कोणी?

तू बघितलं आहेस, आई. त्या रात्री मी तुझ्याशेजारी झोपले होते. सकाळी उशीचा अभ्रा तू धुतलास. मी उठायच्या आधी दोरीवर वाळत होता.

तू येऊन हे सांगशील का? एकटी ये. मला समजवायला येणार असशील तर येऊ नकोस. गाडीत बस आणि पुणे स्टेशनवर उतर, मी न्यायला येते. मंदाकिनीबाईंच्या घरचा फोन नंबर खाली आहे. नाही आलीस तर तेही मला कळेल, आणि मग मी पुन्हा लिहिणार नाही.

रुपाली

पुणे
रविवार, २८ सप्टेंबर २००८

ती. बाबांस,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. घरी असताना तुमच्याशी बोलायचं ते आईमार्फत. आता आई माझ्यापाशी आहे, म्हणून थेट लिहिते.

ती सुखरूप पोचली, हे फोनवर तुम्हाला कळलंच. पुढचं तिने फोनवर सांगितलं नाही, ते मी सांगते.

गेल्या रविवारी आम्ही दोघी मुक्ताबाईकडे पानं आणायला गेलो. मोरेश्वर तिथेच उभा होता. पुण्यात त्याला ठाऊक असलेली तेवढीच एक जागा. मला बघितल्याबरोबर त्याने माझा दंड धरला. तीन वर्षं मी ठरवलं होतं की असं झालं तर ओरडेन, पोलिसांना बोलवेन, आणि मी नुसती उभी राहिले.

आई मध्ये शिरली. तुम्हाला माहीत आहे, ती त्याच्यासमोर कधी डोक्यावरून पदर ढळू देत नसे. पदर कुठल्या कुठे गेला होता. ती मोठ्याने बोलायला लागली, आपल्या बोलीत, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. "कान फोडला तू माह्या पोरीचा. उशी रक्तानं भरली होती. मी धुतली. कोनाले दिसू नये म्हनून मी धुतली! आता नाही धुनार. आता साऱ्याईले सांगीन."

बाजार थांबला. कांदेवाला पुढे आला, ओळखपत्रवाली दोन-तीन पोरं पुढे आली. एकाने त्याला विचारलं, "काय प्रॉब्लेम आहे, सर?" त्याने माझा दंड सोडला. "घरचं भांडण आहे," म्हणाला. आई म्हणाली, "घर कोनतं?" तो काही बाही बोलत मागे सरकत गेला आणि निघून गेला. मुक्ताबाईने हातात कोंबलेली पानं घेऊन तिथून आम्ही तशाच पोलीस चौकीत गेलो. हवालदाराला आईची बोली समजेना म्हणून तो दोनदा विचारायचा आणि ती दोन्ही वेळा पहिल्यापासून सांगायची.

त्या दिवशी तिने वड्या केल्या. मंदाकिनीबाईंच्या ओट्यावर पानं पालथी घालून तिने शिरा लाटण्याने दाबल्या, डाळ थापली. अंबाडीचं पाणी सुटलं तेव्हा वाटी लालभडक झाली. मी तिच्या शेजारी उभी होते. विचारलं, "त्या दिवशी मला बसमध्ये काऊन बसवलंस?"

ती हात न थांबवता म्हणाली, "तुह्या बाबाले भ्याले मी."

"आणि आता?"

"आताबी भेव वाटते. पन आली."

मला हुंदका येत होता आणि त्याच वेळी तोंडाला पाणी सुटत होतं. असं एकदम दोन्ही होतं हे मला माहीत नव्हतं. अपेक्षाने पहिला तुकडा अगदी छोटा तोडला, थोडी थांबली, घशावर हात ठेवून बघितला, आणि मग ताट पुढे केलं. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "चांगल्या आहेत. किंचित गूळ हवा होता." आई त्यांच्याकडे अशी बघत राहिली की त्यांनी मुकाट्याने दुसरी वाटी घेतली.

अर्ज कोर्टात दाखल झाला आहे. आईने वकीलबाईंसमोर बघितलं ते सगळं सांगितलं आणि अंगठा न लावता सही केली. केस चालू असेपर्यंत ती इथेच राहणार म्हणते. मी म्हटलं, बाबांच्या जेवणाचं काय? तर म्हणाली, "शिकतील." परत कधी येणार, हे मला विचारू नका. तिला विचारा. ती तुमच्या पत्राची वाट बघते, पण तसं कबूल करत नाही.

पोळ्याच्या दिवशी तुम्ही काय बोललात ते मला कळलं. त्याबद्दल मी आभार मानणार नाही. ते मला ऐकायचं होतं तेव्हा मी तुमच्या घरात होते.

आता एक विचारायचं आहे, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. वकीलबाई म्हणाल्या, आणखी एक साक्षीदार असता तर बरं झालं असतं. बाबा, त्या सकाळी आई मला स्टँडवर घेऊन निघाली तेव्हा तुम्ही ओसरीवर चहा पीत बसला होतात. मी तुमच्या पाया पडले. माझं सुजलेलं तोंड तुमच्यापासून हातभर अंतरावर होतं. तुम्ही म्हणालात, "सुखी राहा." तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघितलं होतंत का, हे मला आजही माहीत नाही.

बघितलं असेल तर या. पत्ता तुमच्याकडे आहे.

रुपाली